तुडुमाजवळचे बुडबुडे

आंबेटोला, ता. चामोर्शी
५ ऑक्टोबर १९८६

सुखदेव,

तार मिळाली असेलच. उत्तर आलं नाही, म्हणून हे पत्र. तू माझ्यावर रागावलेला आहेस हे मला ठाऊक आहे. माझ्या लग्नाला आला नाहीस, त्यानंतर सणावारालाही नाही. पण आता तो राग जरा बाजूला ठेव आणि नीट वाच. वाचून झालं की पुन्हा रागव, मी कुठे पळून चालले नाही.

इसरू तलावात बुडाला. म्हणजे, मी म्हणते बुडाला. त्याची आई म्हणते, पळून गेला. गाव दोन्ही म्हणतं, समोर कोण उभं आहे ते बघून.

तू त्याला एकदाच भेटलास आणि मागे मला म्हणालास, "पाण्याचा चपराशी आहे." पाणकर म्हणतात त्याला. कुणाच्या बांधीत किती पाणी जायचं ते पाणकर ठरवतो आणि त्याच्या शब्दावर धान उभं राहतं. तलावाच्या पाळीला गोंड राजांच्या वेळचं दगडी तुडूम आहे. पाणी सोडायची जागा. त्याला एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. पाणी उतरत गेलं की खालची खुंटी काढायची. सगळ्यात खालची पाण्याच्या आत असते, ती बुडी मारून काढावी लागते. इसरू दरवर्षी काढायचा. या वेळी धान पोटरीवर आलं, पाऊस अडून बसला, आणि लोक त्याच्या मागे लागले. सकाळी तो एकटाच पाळीवर गेला. थोड्या वेळाने कालव्याला पाणी आलं. लोक खुश झाले. पाणी आलं म्हणजे इसरू आत उतरला होता एवढं तरी खरं ना? पण तो बाहेर आलेला कुणी पाहिला नाही. पाळीवर त्याचं जुनं धोतर आणि बिडीचं बंडल तेवढं होतं.

देवाजीभाऊ ढिवराने माणसं घेऊन बुड्या मारल्या, जाळं फिरवलं. हाती लागली नुसती पाणवेल. तुडुमापाशी माणसापेक्षा खोल गाळ आहे, मऊ, काळा. पोलीस पाटलाने कागद केला, त्यावर "बेपत्ता" लिहिलं.

बुढी, म्हणजे माझी सासू रुखमाबाई, पहिल्या दिवसापासून एकच धरून बसली आहे. पेटीत इसरूचा नवा टेरिकॉटचा सदरा नाही. आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं हेही खरं. तो म्हणत होता, राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत लागतो. मी म्हटलं, जा, बघ तिथे तुला कोण पाणकर म्हणतं ते. बुढीने ते ऐकलं. आता म्हणते, "तूच त्याले लावून देल्लं. माहा पोरगा नवा सदरा घालून गेला. बुडनारा मानूस सदरा घालून बुडते का वो?"

सदरा कुठे आहे ते मलाही माहीत नाही.

आता तुला कशाला लिहिलं ते सांगते. तुडुमापासून थोड्या अंतरावर पाण्यात बुडबुडे येतात. एकाच जागी. येतात, थांबतात, पुन्हा येतात. मी पाळीवर बसून बघत असते. आणि मला आठवतं की माझा भाऊ मुंबईला बसून दुसरं काहीही करत नाही, घट्ट पातळ द्रवातून बुडबुडे कसे वर येतात एवढंच बघतो. तुझा तो छापून आलेला इंग्रजी लेख तू पाठवला होतास ना, फोटोवाला? मी बालवाडीच्या भिंतीवर लावला आहे. पोरांच्या आया विचारतात तेव्हा सांगते, भावाने बुडबुड्यांचे फोटो काढले, सरकार त्याला पगार देतं. हसतात. आज मी हसत नाही. मला एवढंच सांग, गाळात गेलेला माणूस वर येतो का? कधी येतो?

ताई


आंबेटोला
२० ऑक्टोबर १९८६

सुखदेव,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या दिवसांनी भावाचं अक्षर बघून मला भरून आलं आणि उघडून बघते तर प्रश्नपत्रिका! गाळ किती खोल, किती घट्ट, बुडबुडे केवढे, त्यांना शेपूट असतं का. अरे, गढूळ पाण्यात शेपूट दिसतं का रे? वर आला की फुटतो, झालं. एक ओळ माझ्यासाठी असती तर काय शाई संपली असती? शेवटी "काळजी घे" लिहिलंयस. बरं, घेते.

तरी तू सांगितलंस तसं सगळं केलं. देवाजीभाऊंनी डोंगा वल्हवत नेऊन तुडुमाजवळचा गाळ तांब्यात भरून आणला. तांब्या कलता केला, गाळ हलेना. आणखी कलता केला, एकदम सगळा धबकन अंगणात. म्हणजे तू लिहितोस तसंच, थोड्या जोराला दगडासारखा आणि जास्त जोराला पाण्यासारखा. सायकलच्या छर्‍याचंही केलं. वर ठेवला तर तसाच बसला, काडीने ढवळलं तर गडप झाला. बुढी दारातून बघत होती. म्हणाली, "नवऱ्याचा पत्ता नाई अन् इथी चिखलाशी खेळून राह्यली." बाहेरून बघणाऱ्याला ते खेळणंच दिसणार.

अंगणातला गाळ मी काचेच्या बरणीत भरून बालवाडीत ठेवला, त्यात एक छोटा बुडबुडा काचेशी दिसत होता. संध्याकाळी तिथेच, दुसऱ्या दिवशीही तिथेच. वर यायचं त्याच्या मनात असेल की नाही कोण जाणे, गाळ त्याला सोडत नव्हता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला इतकं रडू आलं की बालवाडीतली पोरं गप्प झाली.

तू मागे त्या लेखासोबत मराठीत चार ओळी लिहिल्या होत्यास त्या मी पुन्हा काढून वाचल्या. एक बुडबुडा घट्ट द्रवातून गेला की मागे वाट सैल करून जातो, पुढचा त्याच वाटेने लवकर येतो. म्हणून एकाच जागी माळ लागते. हे मला पटलं. पण दुसरंही लिहिलं होतंस, की काही द्रवात बुडबुडा वर जातो तेव्हा त्याच्या मागचा द्रव उलटा खाली जातो. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. आता कळतं. आपल्या घरातून तू वर गेलास. बाबा गेले, शेत दुसऱ्याच्या हाती गेलं, मी बारावीवर थांबले. लागू दे मनाला. मला इथे रोज लागतं.

आता इथलं. मी बापूरावांकडे गेले होते. ते तलावाच्या सोसायटीचे अध्यक्ष. म्हटलं, तुडुमापाशी बांबू टाकून गाळ हलवू द्या. ते वाईट माणूस नाहीत. पाणी दिलं, बसा म्हणाले. मग म्हणाले, "बाई, धान निसवून राह्यलं. आता गाळ हलवला तं तुडूम बुजन, साऱ्या गावचं धान जाईन. कापनी होऊ द्या." त्यांचं खोटं नाही. इसरू असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, तेही माझ्या तोंडावर.

आणि ते "हो" म्हणाले असते तरी काम अडलंच असतं. ढिवरांची इथे एक रीत आहे. ज्याचा माणूस, त्याचा पहिला बांबू. जाळं ते कुणासाठीही टाकतात, बुडीही मारतात, पण गाळात बांबू घालायचा तर पहिला घरच्याने घालायचा. घरच्यांनी आपला माणूस तिथे आहे असं मानल्याशिवाय ते गाळाला हात लावत नाहीत. मी देवाजीभाऊंना म्हटलं, मी घालते. ते म्हणाले, "तू घालशीन, पन बुढी नाई म्हनते ना? ते माय हाये. तिचा पोरगा जिता हाये म्हनते. मी कसा हात लावू?"

बुढी दर शुक्रवारी चामोर्शीच्या बसथांब्यावर जाते. बाजाराचा दिवस, राजुऱ्याकडची माणसं येतात. प्रत्येकाला विचारते, कोळशात काळा झाला असेल, ओळखू येणार नाही, पण सदरा नवा आहे. मागच्या वेळी मीही गेले तिच्याबरोबर. ती रस्त्याच्या एका बाजूला उभी, मी दुसऱ्या. गाडी आली की दोघीही उतरणाऱ्यांचे सदरे बघत होतो.

लवकर लिही. प्रश्न नको. उत्तर लिही.

ताई


आंबेटोला
७ नोव्हेंबर १९८६

सुखदेव,

तुझं उत्तर दिवाळीच्या आधीच मिळालं होतं. मी तुला पोच दिली नाही, रागावू नकोस. मी ते कुणाला दाखवलंही नाही. ब्लाउजमध्ये ठेवून फिरत होते. ब्लाउज बदललं की पत्रही त्यात सरकवायचं.

तू स्वच्छ लिहिलं आहेस. वर जायचा जोर गाळाच्या धरून ठेवायच्या जोरापेक्षा कमी असला, तर बुडबुडा काय आणि दुसरं काही काय, वर्षानुवर्षं तिथेच राहतं. आपोआप येणार नाही. गाळ हलवला तर पातळ होईल आणि सोडेल. आणि त्याखाली हेही लिहिलंस की बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नको, पानं कुजली तरी तेवढेच बुडबुडे येतात, त्यावरून माणूस आहे की नाही ते सांगता येत नाही. एवढं शिकून शेवटी तेही सांगता येत नाही! मी हे वाचून तुझ्यावर ओरडले असते, पण तू समोर नव्हतास. आणि खरं सांगू, त्या शेवटच्या ओळीनेच मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

तुला ही गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला सांगू? मी इतके दिवस भांडत होते की तो गाळात आहे, आणि बुढी भांडत होती की तो पळाला. तुझं पत्र आल्यावर मला कळलं की मलाही तो पळालेलाच हवा आहे. मला टाकून पळालेला चालेल. दुसरी केलेली चालेल. कुठे तरी कोळसा खणत असू दे, मला शिव्या देत असू दे. तू "हलवलं तरच येईल" असं लिहिलंस, आणि मला वाटलं, मग कशाला हलवायचं? राहू दे तलाव तसाच. पाळीवर जाणं मी बंद केलं. बुडबुडे येतात की नाही मला माहीत नाही.

परवा लटारू आला होता. इसरूचा मित्र, लग्न ठरत नाही म्हणून सगळं गाव ज्याची थट्टा करतं तो. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते बुढीच्या पुढ्यात ठेवलं आणि उकिडवा बसला. इसरूचा सदरा. धुऊन, घडी करून.

लटारू म्हणाला, "गोंडपिपरीले पोरगी पाहाले गेल्तो. माह्यापाशी चांगला सदरा नोयता. इसरूने देल्ला. म्हने बुढीले सांगू नोको, बोंबलन." मग तो रडायला लागला. "आलो तं हे असं झालेलं. बुढीमाय साऱ्याईले सदऱ्याचंच सांगून राह्यली. माही हिंमतच नाई झाली. रोज घेऊन निघो अन् वापस जावो."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याने पोरगी बघितली, नकार घेऊन आला, आणि त्या सदऱ्यावर आम्ही दोघी बसथांब्यावर उभ्या. पण मारून काय होणार होतं? तोही घाबरलेलाच.

बुढीने सदरा उलगडला. कॉलर बघितली, बटणं बघितली. एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं, ते मी शिवलेलं. तिने बोट फिरवलं त्यावरून. लटारूला म्हणाली, "चाय घेऊन जा." मी चहा ठेवला. तो पिऊन गेला. मी तांदूळ निवडत होते आणि खडे तसेच राहत होते.

मग ती म्हणाली, "तुह्या भावाचं पत्र आलं होतं ना?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"छातीले हात लावून फिरतं. मले का डोये नाई? काय म्हनते तो?"

मी पत्र काढलं आणि वाचलं. तुझं ते जोर आणि धरून ठेवणं मी तिच्या भाषेत सांगितलं. पानं कुजली तरी बुडबुडे येतात ही ओळही मी मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. तिने त्या ओळीला धरावं म्हणून मी वाट बघत होते. ती धरते तेव्हा सोडत नाही, हे मला माहीत होतं.

तिने सदऱ्याची घडी घातली. म्हणाली, "मंग हलवा."

सुखदेव, मी "नाही" म्हणाले. मी! मी म्हटलं, कापणी होऊ द्या, बापूरावांनी सांगितलंय. ती म्हणाली, "कापनी झाल्यावर. पन देवाजीले आजच सांगून ये. नाईतं तू सांगनार नाई."

मी सांगून आले.

ताई


आंबेटोला
३० नोव्हेंबर १९८६

सुखदेव,

तू येतो म्हणून लिहिलं होतंस, रजा मिळाली नाही म्हणून नंतर लिहिलंस. दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी काही म्हणत नाही. इथे येऊन तू काय करणार होतास? आमच्याबरोबर उभा राहिला असतास. तेवढं मात्र हवं होतं.

कापणी झाली. बापूरावांनी सोसायटीची माणसं बोलावली, उरलेलं पाणी सोडून दिलं. तुडुमापाशी गुडघ्याएवढं पाणी आणि खाली गाळ, एवढंच राहिलं. ढिवर डोंगे घेऊन आले. प्रत्येकाच्या हातात बांबू, पण कुणी पुढे होईना. सगळे आमच्याकडे बघत होते.

देवाजीभाऊंनी एक बांबू बुढीच्या हातात दिला. ती डोंग्यात उभी राहिली. मी मागून तिची कंबर धरली. तिने बांबू उचलला आणि पाण्यावर टेकवला, पण खाली जाईना. गाळ घेईना. तिच्या हातात जोर नाही आता. ती मागे वळून माझ्यावर ओरडली, "काय पाहून राह्यली? धर ना!"

मी तिच्या हातावर हात ठेवून दाबलं. गाळाने थोडा वेळ अडवलं. मग, तू लिहिलं होतंस तसंच, एकदम सोडलं आणि बांबू खाली गेला, आम्ही दोघी डोंग्यात पडता पडता राहिलो. त्यानंतर ढिवरांनी बांबू घातले. चारी बाजूंनी हलवायला लागले.

तुला बुडबुडे बघायचे होते ना? त्या दिवशी यायला हवं होतंस. एका जागी नाही, सगळीकडून आले. जिथे मी इतके दिवस डोळे लावून बसले होते तिथे, पाळीला, पाणवेलीत, जिथे कधी कुणी बघितलं नव्हतं तिथेही. अख्खा तलाव उकळल्यासारखा. घाण वास सुटला. पाळीवरच्या बाया नाकाला पदर लावून मागे सरल्या. मी ज्या बुडबुड्यांना त्याचा श्वास समजून बसले होते, ते कुठले आणि हे कुठले, काही कळत नव्हतं. तू बरोबर लिहिलं होतंस. सांगता येत नाही.

आणि माझ्या मनात उजेड पडला, बघ. मला वाटलं, म्हणजे नुसता पाला आहे. नुसता कुजलेला पाला. तो इथे नाहीच. मी बुढीच्या कानात म्हणाले, "माय, इथे नाही तो." तिचे डोळे माझ्यासारखे इकडेतिकडे फिरत नव्हते. ती तुडुमाच्या अगदी पायथ्याशी बघत होती.

तिथेच आला. माझ्या बुडबुड्यांच्या जागेपासून दूर, पाळीला लागून. हळूच आला, पाठ आधी. देवाजीभाऊंनी सगळ्यांना बांबू थांबवायला सांगितलं.

तोच होता. पोलीस पाटलाने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. याहून जास्त लिहायला सांगू नकोस.

पाळीवर आणल्यावर बुढीने पाणी मागितलं. बायांनी तिला धरायला बघितलं, तिने हात झटकले. तिने त्याच्या कानातला गाळ काढला, मग नाकातला, बोटांच्या मधला, लहान पोराला आंघोळ घालताना काढतात तसा. मी पाणी ओतत होते. एकदा माझ्या हातून जास्त ओतलं गेलं, तर म्हणाली, "हळू वो, डोयात जाते त्याच्या." विहारातून माणसं आली, त्रिशरण झालं. आता तो शेताच्या कडेला आहे. कोरडी जागा आहे.

त्या रात्रीपासून बुढी मला काही बोलत नाही. म्हणजे शिव्या देत नाही. तेच मला सहन होत नाही. काल मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं. तिने ती तशीच खाल्ली. मी म्हटलं, माय, भाजी खारट आहे. म्हणाली, "असू दे." सुखदेव, तिने मला तिच्या मुलाला घालवलं म्हणून शिव्या दिल्या तेव्हा घरात तीन माणसं होती. आता दोन आहेत आणि आम्हाला एकमेकींशी काय बोलायचं ते कळत नाही.

तू लिहिलंस, "माझी माहिती उपयोगी पडली याचं समाधान वाटतं." पडली. तू सांगितलंस ते अक्षर न् अक्षर खरं निघालं. मी तुला दोष देत नाही, तू खोटं लिहिलं असतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. पण शुक्रवारी बाजाराची गाडी येते, आणि आम्हा दोघींना आता कुठे जायचं नसतं.

तू पुढे शीक. मोठा हो. लेख छापून आला की पाठव, मी भिंतीवर लावीन, आयांना दाखवीन. फक्त मला पुन्हा बुडबुड्यांबद्दल काही लिहू नकोस. तू काय जेवतोस, तुझ्या खोलीत कोण राहतं, तुला ताप आला तर कोण बघतं, ते लिही. मी बुढीला वाचून दाखवीन. ती विचारत होती, तुझ्या भावाला आई नाही, तर तो घरी पत्र लिहितो ते कुणाला?

ताई